मामंजींची शिस्त

त्या दुपारी आठवायला लागल्या की माणसांच्या आधी उजेड येतो. ओसरीच्या तिन्ही बाजूंना ऊस होता, पुरुषभर वाढलेला, आणि ऊन त्याच्या पात्यांतून गाळून आत यायचं ते हिरवं होऊनच. फरशीवर तो उजेड विहिरीतल्या पाण्यासारखा हलत राहायचा. त्या उजेडात माझे सासरे बाजेवर ताठ बसलेले असायचे, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, आणि दोन्ही डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू. त्यांच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून मी उभी. दोन्ही हात समोर लांब केलेले, हातात त्यांचं रिकामं रिव्हॉल्वर, आणि नळीवर पाच पैशाचं चौकोनी नाणं. मी चाप ओढायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. पडलं की फरशीवर टिणकन आवाज यायचा आणि मामंजी म्हणायचे, "परत घे."

मी औंधची. वडील शाळामास्तर. आमच्या घरात धारेची वस्तू म्हणजे भाजी चिरायची विळी आणि वडिलांचा दाढीचा वस्तरा. अकरावी झाले आणि लग्न होऊन सांगलीजवळच्या या मळ्यात आले. नवरा लष्करात, वर सरहद्दीकडे कुठेतरी. वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने मळ्यात आम्ही तिघंच. मामंजी, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. गाव मैलभर लांब. दोन गडी सकाळी यायचे आणि दिवस बुडायला परत जायचे.

मामंजी सुभेदार होऊन रिटायर झालेले. पलटणीत शेवटची बारा वर्षं त्यांनी नव्या पोरांना हत्यार शिकवलं होतं. गावी आल्यावर परवाना काढून त्यांनी अडतीस बोअरचं एक जुनं रिव्हॉल्वर घेतलं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत डोळ्यांवर पडदा चढला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू. तेव्हा तशीच पद्धत होती. आढीतल्या आंब्यांची बघावी तशी आम्ही घरात मोतीबिंदू पिकायची वाट बघत होतो. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. माझा आवाज, पावलं आणि बांगड्या, एवढीच मी त्यांना माहीत होते.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून वर्ष झालं होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर भर दुपारी दरोडा पडला. म्हातारा-म्हातारीच होती घरात. म्हातारीला खांबाला बांधलं, म्हाताऱ्याचा हात मोडला, आणि चोर उसात शिरून गेले ते गेलेच. आमचा गडी ते सांगत होता तेव्हा मामंजी नुसते ऐकत होते. तो गेल्यावर त्यांनी आत्याबाईंना रिव्हॉल्वर आणायला सांगितलं. बराच वेळ ते फडक्यानं पुसत बसले. मग म्हणाले, "माझ्या हातात हे आता लाकूड हाय. पोरी, तुझं डोळं कसं हायती?"

"चांगले आहेत," मी म्हणाले.

"मग उद्यापास्नं."

आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आवं, ती सून हाय. पलटनीतलं पोरगं न्हवं."

"म्हनूनच," मामंजी म्हणाले. "पोरगं असतं तर मला सोडून पळालं असतं."

आधी त्यांनी रीतसर अर्ज केला. माझं नाव त्यांच्या परवान्यावर चढवायचं होतं. कचेरीतल्या कारकुनानं तीनदा विचारलं, "बाईचं?" आणि तीनदा मामंजी म्हणाले, "बाईचंच. घरात ज्याला दिसतं त्याचं." नाव चढायला पाच-सहा महिने गेले. तोवर शिकणं रिकाम्या हत्यारावरच.

पहिली अडचण पदराची. सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर हवा, आणि हात उचलला की पदर सरकून नेमका उजव्या डोळ्यावर यायचा. दोन दिवस मी एका हातानं पदर आणि एका हातानं रिव्हॉल्वर सावरत होते. तिसऱ्या दिवशी आत्याबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या, "खोच की गं कमरंला. त्यास्नी दिसतंय कुठं?" मी पदर खोचला. मामंजींनी मान मुद्दाम दुसरीकडे वळवली. त्या दिवसापासून मी शिकत असताना ते नेहमी तशीच मान वळवून बसायचे, उसाकडे तोंड करून. मी काय करते आहे ते कानानं ओळखायचे.

दुसरी अडचण अशी की सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाही. पलटणीत त्यांनी पोरांचे खांदे धरून, कोपर दाबून, मनगट वळवून शिकवलेलं. इथं त्यांनी आपली काठी वापरली. काठीचं टोक माझ्या मनगटाखाली अलगद टेकवायचे. "उचल. आनखी. बास." मूठ नळीच्या जितकी जवळ तितकं हत्यार कमी उडतं. बोट चापावर ठेवायचंच नाही. नळीच्या बाजूला सरळ ठेवायचं, मन पक्कं होईपर्यंत. रिकामं असलं तरी भरलेलं समजायचं. हातात घेतल्याबरोबर उघडून गोळ्यांची भोकं बघायची, मग बोटानं चाचपायची. "दोनदा," ते म्हणायचे. "एकदा डोळ्यानं, एकदा बोटानं. डोळं लबाड असत्यात."

माझे डोळे खरोखरच लबाड निघाले. मामंजींनी मला उसापलीकडच्या बाभळीच्या शेंड्याकडे बोट करायला लावलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एक डोळा मिट, मग दुसरा. "कुठला मिटल्यावर बोट झाडावरनं हालतं?" डावा मिटला की बोट सरकत होतं. ते हसले. "हात उजवा आनि मालक डोळा डावा. लय जनांचं असतं आसं. मान जरा उजवीकडं झुकीव, डाव्या डोळ्याला हत्याराच्या मागं बसू दे." मी एकोणीस वर्षांची झाले होते आणि आपला कुठला डोळा मालक आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कित्येक दिवस मी बोट करून बघत राहिले. विहिरीच्या रहाटाकडे, गाईच्या शिंगांकडे, वरून जाणाऱ्या बगळ्यांकडे.

नेम धरण्याला पलटणीत शिस्त घेणं म्हणतात. मामंजी तोच शब्द वापरायचे. मागच्या बाजूला खाच, पुढच्या टोकाला माशी म्हणतात तो बारीक उंचवटा, आणि त्यापलीकडे माणूस. तिन्ही एका रेषेत आले की शिस्त लागली. पण डोळा एका वेळी एकच वस्तू साफ बघू शकतो. "मग कुठली बघायची?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माणूस. "न्हाई. माशी. माशी साफ, खाच धुरकट, मानूस धुरकट. मानूस बघत बसलीस की नळी खाली पडती न्हाईतर बाजूला जाती." माझ्यापुढे माणूस नव्हता, भिंतीवर कोळशानं काढलेलं वर्तुळ होतं. मी माशीकडे बघत राहायची. हळूहळू भिंत धुक्यात जायची, वर्तुळ पाण्यात विरघळायचं, उसाची सळसळ लांब जायची, आणि जगात फक्त काळ्या लोखंडाचा तेवढा एक तुकडा उरायचा, नखाएवढा. मला ते आवडायला लागलं होतं. त्यात एक गुंगी होती. आत्याबाईंनी जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

चाप ओढायचं कसब सगळ्यांत अवघड. आत्याबाईंनी मदत करायची म्हणून सांगितलं, "धार काढतीस तसं दाब की." मामंजी पटकन म्हणाले, "तसं न्हाई. धार काढताना समदी बोटं चालत्यात. हितं एकच चालायचं, बाकीची झोपल्यागत." श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, तिथं थांबायचं आणि बोट इतकं सावकाश मागं आणायचं की मागचा, गोळीवर आपटणारा घोडा कधी पडला ते आपल्यालाच कळू नये. पहिले पंधरा दिवस नाणं पडत राहिलं. मग एके दिवशी घोडा पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. मामंजी वाट बघत होते. मीही. नाणं नळीवर तसंच बसलेलं. "व्हय," एवढंच ते म्हणाले आणि तंबाखूची चंची शोधायला लागले.

ओरडायलाही शिकावं लागलं. "पैली शिस्त तोंडानं घ्यायची," मामंजी म्हणायचे. "गोळी घालायला नगं म्हनूनच आपन समदं शिकतोय. आदी आवाज. पोटातनं." मला पोटातून ओरडता येईना. सासऱ्यांपुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते. "थांब, नाहीतर गोळी घालीन" हे मी अशा सुरात म्हणत होते की मामंजींनी विचारलं, "त्याला जेवायला बोलावतीस का?" मग आत्याबाई हसून हसून भिंतीला टेकल्या, मलाही हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच एकदा आवाज निघाला, मोठा, मलाच परका वाटणारा. उसातले गडी खुरपी टाकून धावत आले. पुढे गावात कितीतरी दिवस बोललं जात होतं की सुभेदाराची सून सासऱ्याला गोळी घालायची धमकी देते.

परवान्यावर नाव चढल्यावर मामंजींनी मला तीन गोळ्या दिल्या. पहाटेच्या थंडीत आम्ही पड रानात गेलो, एक गडी आणि आम्ही दोघं. बांधाच्या तालीला टेकवून एक शेणी, म्हणजे गोवरी, उभी केली. दव पडलेलं होतं, नदीकडून धुकं येत होतं, आणि शेणी त्या धुक्यात दिसायची, जायची. पहिला बार झाला तेव्हा माझे हात वर उडाले आणि कानात नुसती शीळ उरली. "डोळं मिटलंस," मामंजी म्हणाले. ते मिटल्याचं त्यांना कसं कळलं, मी विचारलं. "गोळी वर गेली. ढेकळात शिरल्याचा आवाज आला." दुसरी गोळी शेणीला लागली, थप्प असा ओला आवाज आला, आणि मामंजींच्या तोंडावर पहिल्यांदा मला असं हसू दिसलं की त्यांचं तरुणपण कसं असेल ते कळलं. तिसरी पुन्हा चुकली. ती का चुकली ते त्यांनी विचारलं नाही.

परतताना वाटेत ते म्हणाले, "धा पावलाच्या पलीकडं माशी बघायची. पर मानूस हाताच्या टप्प्यात आला तर माशी शोधत बसू नगंस. हात छातीपास्नं सरळ पुढं ढकल, बोट करतो तसं. आनि डोकं न्हाई धरायचं. सदऱ्याचं दुसरं बटन धरायचं." पुढं धुक्यात गडी चालला होता. गड्याच्या घोंगडीचा ओला वास येत होता.

ते दोघे आले ते पुढच्या वैशाखात. वीज गेली होती, विहिरीवरची मोटर बंद होती आणि ती बंद पडल्यावर मळ्यावर जी शांतता यायची ती आलेली. गडी गावात लग्नाला गेलेले. आत्याबाई ओसरीवर वाळवण राखत बसल्या होत्या. मामंजी बाजेवर. मी माजघरात डाळ पाखडत होते.

"पानी मिळंल का, मावशी?" बाहेरून आवाज आला. गोड, हसरा आवाज. आत्याबाईंनी तांब्या दिला. दारातून मला एकाची पाठ दिसत होती. दुसरा खांबाजवळ उभा होता. पहिला बोलत राहिला. ऊस कसा आहे, नदीला पाणी किती आहे, घरात कोण कोण असतं.

"समदी हायती," मामंजी म्हणाले. "पोरगं आत झोपलंय."

"व्हय का?" तो हसला. "बाबा, तुमाला दिसत न्हाई वाटतं." आणि पुढच्या क्षणी तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज आला. आत्याबाई ओरडल्या. त्यानं त्यांचं मनगट पिरगाळून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं पाटल्या ओढत होता.

रिव्हॉल्वर माजघरातल्या फडताळात असायचं, पाच गोळ्या भरलेलं, घोड्याखालचं सहावं घर रिकामं. मी फडताळ कधी उघडलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सूप माझ्या हातातून सुटलं आणि डाळ जमिनीवर पसरत गेली, कितीतरी वेळ, संपेचना. मग मी दारात होते. हात समोर लांब, पाठ चौकटीला टेकलेली. पोटातून ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते "थांब", आणि तेही असं बारीक की मलाच नीट ऐकू गेलं नाही.

पण मामंजींनी फडताळाच्या बिजागरीचा आवाज ऐकला होता. ते बाजेवर तसेच बसलेले, मान उसाकडे. अगदी शांतपणे म्हणाले, "पोरी, बोलतोय त्याला सोड. गप हाय त्याच्यावर धर."

मी हात वळवले. खांबाजवळचा माणूस तोवर एक शब्दही बोलला नव्हता. त्याचा उजवा हात पाठीमागे होता. तो पुढे आला तेव्हा त्यात कोयता दिसला. आमच्यात चार पावलं असतील.

त्यानंतर सगळं सावकाश झालं. किंवा मला तसं आठवतं. उजेड हिरवाच होता, हलत होता. वाळवणावर एक चिमणी उतरली होती आणि ती दाणे टिपत राहिली. मी त्याच्या सदऱ्याकडे बघत होते. मळकट निळा सदरा. दुसरं बटण तिथं नव्हतंच. बटणाच्या जागी त्यानं बाभळीचा काटा टोचून दोन्ही काठ एकत्र धरले होते. पांढरा, लांब, वाळलेला काटा. त्याच्या आजूबाजूला कापड आत-बाहेर होत होतं, तो श्वास घेत होता म्हणून. ते कुणी टोचून दिलं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

"घोडा चढीव," मामंजी म्हणाले.

मी अंगठ्यानं घोडा मागं ओढला. कट्ट असा आवाज झाला. लहानसाच आवाज, पण ओसरीवर सगळ्यांनी तो ऐकला. बोलणाऱ्यानं आत्याबाईंचं मनगट सोडलं. गप्प माणूस एक पाऊल मागं गेला, मग आणखी एक, पायरी उतरला. काटा लहान होत गेला. बोलणारा म्हणाला, "जातो, बाबा, जातो, पोरीला सांगा." मग उसाची पानं खसखसली आणि थांबली.

मी तशीच उभी होते. समोर अंगण होतं, ऊन होतं, पालथा तांब्या होता. हात खाली येईनात. बोट चापावर होतं आणि ते माझं ऐकत नव्हतं.

"बोट भाईर काढ," मामंजी म्हणाले. "पोरी, गेली ती. बोट भाईर." मला ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत आहेत असं वाटत होतं. मग ते बाजेवरून उठले. काठी न घेता, भिंत चाचपत, वाळवणावर पाय देत आले. माझ्या हातांवर त्यांनी आपला हात ठेवला. खरखरीत, गरम हात. त्यांचा अंगठा घोड्यावर गेला, बोटानं माझं बोट बाजूला सारलं, आणि घोडा आवाज न करता उतरला. त्यांनी मला हात लावला तो तेवढाच, त्या आधी नाही आणि नंतरही नाही. मी खाली बसले. आत्याबाईंनी मला कुशीत ओढलं. त्यांचं मनगट सुजलं होतं, पाटल्या हातातच होत्या.

संध्याकाळी मामंजींनी विचारलं, "माशी दिसली का?"

"दिसली," मी म्हणाले. त्यांनी सहा-सात महिने माझ्यावर घालवले होते. मला खरं सांगवेना.

पुढे महिन्याभरानं पोलिसांनी एका माणसाला धरलं. तो कुपवाडला एका शेडमध्ये रोजंदारीवर होता, आणि ओढ्यापलीकडच्या दरोड्यातही तोच असावा असा त्यांना संशय होता. ओळख पटवायला आम्हाला बोलावलं. आत्याबाईंनी चौकीची पायरी चढायला साफ नकार दिला. मी आणि मामंजी गेलो. पाच-सहा माणसं ओळीनं उभी केली होती. मी एकेकाकडे बघितलं. सगळेच तो असू शकत होते. फौजदार समजुतीनं म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच्या समोर उभ्या होता ना? तोंड कसं होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मिशी होती का? काळा की गोरा? ज्या गप्प माणसाकडे मी इतका वेळ बघितलं त्याला तर तोंडच नव्हतं. मला सदरा दिसत होता आणि काटा. "मी छातीकडं बघत होते," मी म्हणाले, आणि मला लाज वाटली.

मामंजी म्हणाले, "सायेब, समद्यास्नी एक वाक्य बोलायला सांगा. 'पानी मिळंल का, मावशी.'"

फौजदारांना हसू आलं, पण त्यांनी तसं करायला लावलं. माणसं एकेक करून बोलली, कुणी लाजत, कुणी चिडून. चौथ्यानं "पानी मिळंल का" म्हटलं आणि मामंजींनी काठी उचलली. "ह्यो." त्या माणसाचं तोंड उतरलं. नंतर घरझडतीत पलीकडच्या म्हातारीची बोरमाळ त्याच्याकडे सापडली, म्हणजे मामंजींचा कान चुकला नव्हता. गप्प माणूस मात्र कधीच सापडला नाही. त्याला आवाजही नव्हता आणि तोंडही. कधीतरी बाजारात निळा सदरा दिसला की माझी नजर अजून बटणांवर जाते.

त्या वर्षी थंडीत मोतीबिंदू पिकला. मिरजेला ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. पट्टी काढून जाड भिंगांचा चष्मा लावला तेव्हा खोलीत आत्याबाई आणि मी होतो. मी डोक्यावरून पदर पुढे ओढून दाराआड उभी राहिले. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हातारी झालीस गं." मग माझ्याकडे बघितलं. चष्मा नाकावर सारखा केला. मला वाटलं, त्यांच्या मनातली सून निराळी असावी, उंच वगैरे.

परत आल्यावर एका दुपारी मी ओसरीवर त्यांना चहा दिला आणि खरं सांगून टाकलं. माशी दिसली नव्हती. खाच दिसली नव्हती. मी माणसाकडेच बघत होते, त्याच्या सदऱ्याच्या काट्याकडे.

मामंजी बशीत चहा ओतून फुंकत होते. "मलाबी कवा दिसली न्हाई," ते म्हणाले.

"लढाईत?"

"दोन येळा तसा परसंग आला. दोनी येळंला मानूसच दिसला. एकाच्या गळ्यात तावीज व्हता."

"मग मला का शिकवलंत, माशी बघ म्हणून?"

त्यांनी चहा संपवला. "हात जाग्यावर ऱ्हायला का तुजा?"

"राहिला."

"मग झालं की." त्यांनी बशी खाली ठेवली आणि चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. त्या तावीजवाल्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. 

नाण्याचा खेळ आम्ही त्यानंतर खेळलो नाही. आता त्यांना दिसत होतं, म्हणजे हत्यार पुन्हा त्यांचं होतं, आणि मीही त्यांच्यासमोर पदर खोचून उभी राहू शकत नव्हते. दुपारी मोकळ्या झाल्या. मला त्या जड जायच्या. मी माजघरात, ते ओसरीवर, मधे दार. त्या दरोडेखोराची मला इतकी आठवण येत नसे जितकी भिंतीवरच्या त्या वर्तुळाची यायची. आत्याबाईंनी ते दिवाळीत चुन्यानं पुसून टाकलं.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात, तशी नोटीस आली. परवान्यावर दोघांचीही नावं म्हणून आम्ही दोघंही गेलो. जमादारांनी रिव्हॉल्वरला चिठ्ठी बांधली, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. पावती मामंजींनी खिशात टाकली. निकालानंतर ते परत घेता आलं असतं. पोस्टमननं तसं पत्रही आणून दिलं होतं. मामंजींनी मला विचारलं, "आनायचं का?" मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे." पुढे त्यांनी ते रीतसर विकून टाकलं.

पण जमा करायला गेलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. काम लवकर झालं आणि माधवनगरमार्गे जाणाऱ्या आमच्या एस.टी.ला अजून तासभर होता. स्टँडवर मामंजींनी भडंगाचे दोन पुडे घेतले आणि एक माझ्यापुढे धरला. बाकावर आम्ही दोघं बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. आत्याबाई बरोबर नव्हत्या. हातात काही नव्हतं, शिकण्या-शिकवण्यासारखंही काही नव्हतं. इतक्या वर्षांत खाच, माशी, श्वास आणि बोट सोडून आम्ही दुसऱ्या कशाबद्दल बोललोच नव्हतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि बहुतेक त्यांच्याही. ते भडंगातले शेंगदाणे वेचून खात होते. समोरून एक गाडी धुरळा उडवत गेली.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "औंधाला थंडी लय असती का गं?"

मी म्हणाले, असते. मग डोंगरावरच्या यमाईच्या देवळाबद्दल सांगितलं, तिथल्या पायऱ्या सकाळी इतक्या गार असतात की अनवाणी चढवत नाही. मग आमच्या शाळेबद्दल, मग वडील हिवाळ्यात मुलांना उन्हात बसवून शिकवायचे त्याबद्दल. ते अधूनमधून "व्हय का?" म्हणत होते. गाडी आली तरी माझं बोलणं संपलं नव्हतं, आणि गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीशी मला जागा करून दिली आणि म्हणाले, "मग? मास्तर छडी मारायचं का न्हाई?"